कोपरा फाटलेलं पान

॥ श्री चौंडेश्वरी प्रसन्न ॥

मोहाडी
८ जानेवारी २०२५

ती. सौ. जानकीबाईस,
धाकट्या टेकचंदचा सा. नमस्कार वि. वि.

देवीच्या कृपेने आम्ही सर्व ठीक आहोत. तिकडची खुशाली कळायला मार्ग नाही, कारण तू फोन उचलत नाहीस. परवा भाऊजींना लावला, तर खाणीच्या भोंग्यात काही ऐकू येत नाही म्हणाले आणि ठेवून दिला. त्या वेळेला भोंगा वाजत नाही, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक झालं आहे. म्हणून पोस्टात जाऊन आंतर्देशीय पत्र घेतलं. काउंटरवरच्या बाईंना ते शोधावं लागलं. घरातलं कोणी तुरुंगात आहे का, असंही त्यांनी विचारलं. बहीण रागावली आहे म्हटल्यावर त्यांनी लगेच दिलं.

रंजिताचं वरठीला जुळत आलेलं लग्न मोडलं, त्याचा दोष तुम्ही मला देता हे कानावर आलं. बाई, आपल्या समाजमंडळाची वधू-वरांची वेबसाइट मी किती वर्षांपासून सांभाळतो, हे तू पाहिलं आहेस. प्रत्येक मुलामुलीचं पान मी स्वतः टाइप करतो, देवीसमोर दिवा लावून मगच कॉम्प्युटरला हात लावतो. रंजिताचं पान तर माझ्या लेकीचं करावं तसं केलं. साक्षगंधाची तारीख काढायची तेवढी राहिली होती, आणि मुलाचे वडील परसरामजी म्हणतात की तिच्या फोटोखाली काहीतरी अभद्र होतं. मी ते पान दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडलं, माझ्या फोनवर उघडलं, शेजाऱ्याच्या फोनवरही उघडलं. तिचा फोटो, शिक्षण, उंची, मामकूळ. बाकी एक अक्षर नाही.

हेच मी त्यांना फोनवर सांगितलं. ते ऐकेनात. तेव्हा माझ्या तोंडून निघालं की, ज्याच्या फोनवर एरवी जे पाहिलं जातं तेच त्याला सगळीकडे दिसतं. त्यावर त्यांनी फोन ठेवून दिला. मला वाटतं त्यांना मोडायचंच होतं आणि निमित्त हवं होतं. भुपेंद्र मुलगा चांगला, कारखान्यात कायम झालेला, म्हणून कुठून तरी मोठं स्थळ आलं असेल.

करुणा नागपूरहून संक्रांतीसाठी आली आहे. कॉम्प्युटरचं शिकते, म्हणून बापाच्या चुका काढते. आपल्या वेबसाइटला कुलूप नाही, ते लावा, असं तिचं दिवाळीपासून चाललं आहे. मी तिला म्हटलं, पारावरच्या हनुमानाच्या देवळाला कुलूप आहे का? जिथे सगळ्यांनी यावं, सगळं पाहावं, तिथे कुलूप कशाला?

रंजिताला सांग, मामा खोटं बोलला नाही. भाऊजींना नमस्कार. राग ओसरेल तेव्हा ओसरू दे, तोवर लोभ बाजूला काढून ठेव, टाकून देऊ नको.

तुझा,
टेकचंद



चिखला
१७ जानेवारी २०२५

चि. टेकचंद यास,
जानकीबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, मुंग्या रांगेत निघाल्यावाणी. भोंग्याचं वाचून तुझे भाऊजी हसले, अन् हसलो म्हणून मग स्वतःवरच रागावले. मी लिहिते तशी बोलते अन् बोलते तशी लिहिते, चुका काढत बसू नको.

मले एक सांग, तू पाहिलं तेच खरं काहून? तुह्या दुकानात दिसलं नाही म्हणून वरठीत दिसलंच नसंल, हे कोणत्या शाळेत शिकला? परसरामजीच्या घरच्या बाईनं मले फोन केला होता. रडून राहिली होती, अन् ते रडणं खोटं नव्हतं. तिनं सांगितलं ते आइक.

परसरामजी स्टेशनाजवळच्या चहाच्या हॉटेलात बसले होते. तेथं फुकटचं इंटरनेट भेटते म्हणून रिटायर लोक जमतात. मोठ्या हौसेनं त्यायनं होणारी सून दाखवाले आपल्या पोरीचं पान उघडलं. फोन हातोहात फिरला. अन् पोरीच्या फोटोखाली एका उघड्यानागड्या बाईचा फोटो, एकटी आहे, बोलाले फोन करा, असं लिहिलेलं, खाली नंबर. एकजण हसून म्हणाला म्हणे, परसराम, सून तं लयच बोलकी भेटली तुले. तो माणूस घरी येऊन न जेवता झोपला.

आता आइक, तुले जे माहीत नाही ते. त्यायनं तेव्हा नकार दिलाच नव्हता. बायकोले म्हणाले, काही घोटाळा असंल, पोरगी तशी नाही, चार दिवसानं टेकचंदजीले शांतपणे विचारू. त्याच्या आधीच तुह्या कानावर गेलं अन् तू फोन करून त्यायलेच घाणेरड्या नजरेचं ठरवलं. नकार त्याच्यानंतर आला. ते पान कोणी नासवलं मले माहीत नाही. पण लग्न तुह्या जिभेनं मोडलं.

कॉलनीतल्या बाया नळावर मी आली का गप्प होतात. रंजिता कोणाले काही म्हणत नाही. शाळेत जाते, बालवाडीतल्या पोरायले गाणी शिकवते, घरी येते. पण आरशासमोरून न हलणारी पोरगी आता भिंतीकडे तोंड करून वेणी घालते. मामाजीले काही बोलू नको, एवढंच मले म्हणाली. म्हणून मी बोलली नाही, लिहिलं.

तू देवीचा भक्त म्हणवतोस नं? मंग दुकानात बसून कसम खाऊ नको. वरठीले जा, त्याच हॉटेलात बस, तेथून पाह्य. करुणाले संगं ने, तुह्यापेक्षा तिले जास्त समजते.

माया कमी झाली नाही. राग तिच्यावर बसून आहे, एवढंच.

तुही,
जानकीबाई



॥ श्री चौंडेश्वरी प्रसन्न ॥

मोहाडी
११ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. जानकीबाईस,
टेकचंदचा सा. नमस्कार वि. वि.

तू सांगितलं तसं केलं. करुणाला घेऊन वरठीला गेलो. दोन चहा सांगितले आणि रंजिताचं पान उघडलं. स्वच्छ होतं. मला आनंद झाला, बाई. आता त्या आनंदाचीच लाज वाटते. करुणाने पुन्हा उघडायला लावलं, आणि ते आलं. तू लिहिलं आहेस तसंच. माझ्या हाताने टाइप केलेल्या भाचीच्या नावाखाली. मी फोन पालथा ठेवला. करुणाने तो उचलून हॉटेलचं इंटरनेट बंद केलं आणि फोनचं स्वतःचं चालू केलं. पान स्वच्छ. हॉटेलचं लावलं, पुन्हा ती बाई.

हॉटेलवाल्याला ते काही माहीत नव्हतं. कोणीतरी त्याला स्वस्तात ती इंटरनेटची सोय करून दिली होती, आणि तो माणूस त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येक उघड्या पानावर आपल्या जाहिराती चिकटवत होता. बिचाऱ्याने हात जोडले आणि चहाचे पैसे घेतले नाहीत.

परतताना करुणाने समजावलं. पान नागपूरच्या कंपनीच्या मशीनमधून निघतं तेव्हा मी टाइप केलं तसंच असतं. वाचणाऱ्यापर्यंत पोचायला ते अनेकांच्या हातांतून जातं. कुलूप नसेल तर मधला कोणीही ते वाचू शकतो, आणि नुसतं वाचतोच असं नाही, त्यात आपलं काही घालूही शकतो. कुलूप असलं तर मधल्याला काही करता येत नाही. मी समजत होतो की कुलूप लपवण्यासाठी असतं, बँकेचं, खात्याचं. आपलं तर सगळ्यांनी वाचावं असंच आहे, त्यात काय लपवायचं? जसं निघालं तसंच पोचावं म्हणूनही कुलूप लागतं, हे माझ्या ध्यानात आलंच नाही.

आणि बाई, मला हे सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं. रंजिता झाली तेव्हाचं भाऊजींचं पोस्टकार्ड आठवतं का? तू तेव्हा चिखल्याला बाळंतिणीच्या खाटेवर होतीस, म्हणून तुला ऐकूनच माहीत. मी अंगणात होतो. पोस्टमनच्या हातात कार्ड दिसलं आणि त्याचा एक कोपरा गेलेला. थैलीत कुठे अडकून फाटला असेल. आईला अक्षर येत नव्हतं, पण कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मौत, एवढं तिला वाचता येत होतं. तिने तिथेच बसून हंबरडा फोडला की माझी जानकी गेली. असलं कार्ड घरात आणायचं नाही म्हणून तिने ते बाहेर फेकायला लावलं. शेजारणी जमल्या, आंघोळीचं पाणी काढलं गेलं, बाबा चपला न घालताच बसस्टँडकडे निघाले. बऱ्याच वेळाने मी ते कार्ड उचलून वाचलं. भाऊजींनी लिहिलं होतं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. आई रडता रडता हसायला लागली. पुढे जन्मभर म्हणायची की या पोरीसाठी आधीच रडून घेतलं आहे, हिला पुढे काही होत नाही.

लिहिणारा खरा होता, वाचणारी खरी होती. मधल्या वाटेत कोपरा गेला. त्या दिवशी आईला कोणी घाणेरड्या नजरेची म्हटलं नव्हतं. परसरामजींना मी म्हटलं.

कुलूप का लावलं नाही, असं तू विचारशील. लावायचं नाही असं कोणीच ठरवलं नव्हतं. कंपनीने कळवलं होतं की आपली वेबसाइट जुन्या मशीनवर आहे, तिथे कुलूप बसत नाही, नव्या मशीनवर हलवावी लागेल, मंडळाची संमती कळवा. संमतीसाठी बैठक हवी. बैठक आधी धानकापणीवर गेली, मग लग्नसराईवर, मग अध्यक्षांच्या घरच्या सुतकावर. पान उघडत होतं, त्यामुळे कोणाला घाई नव्हती. पान उघडलं की वर पत्त्याशेजारी रोज लिहून येत होतं, सुरक्षित नाही. कुत्रा मरून गेला तरी दारावर सावधानची पाटी राहते, तशीच ती सूचना मी समजत आलो.

परसरामजींकडे गेलो. त्यांनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, दोन दिवसांतच त्यांच्या मनातलं मळभ गेलं होतं. मुलगी तशी नाही हे त्यांना आतून माहीत होतं. माझं बोलणंही त्यांनी गिळलं असतं. पण तेव्हा फोनचा स्पीकर सुरू होता आणि भुपेंद्र शेजारी जेवत होता. बापाला असं बोलणाऱ्या घरची मुलगी नको, हे त्याने ताटावरून उठता उठता सांगितलं. आता साकोलीकडच्या एका स्थळाला त्यांचा शब्द गेला आहे. मला सोडायला ते फाटकापर्यंत आले. मुलगी बरी आहे ना, एवढं विचारलं. हो म्हणालो. खोटं बोललो.

वेबसाइट आता नव्या मशीनवर गेली, कुलूप लागलं. बैठक न घेताच मी संमती कळवली, कोणीही हरकत घेतली नाही. हे कुलूपही ठरावीक मुदतीने नवं करावं लागतं. करुणा म्हणते ते आपोआप होतं. तरी मी रोज पूजा आटोपली की एकदा उघडून पाहतो.

रंजिताचं पान अजून तिथेच आहे, पण कोणाला दिसणार नाही असं करून ठेवलं आहे. पुन्हा दाखवायचं का, हे तिला विचारून कळव. तिचं उत्तर येईपर्यंत हात लावत नाही. भाऊजींच्या पाया पडतो. लोभ मागायला तोंड नाही, जो उरला असेल तो पोचता कर.

तुझा,
टेकचंद



(पोस्टकार्ड)

चिखला
२ मार्च २०२५

ती. मामाजींस,
रंजिताचा नमस्कार.

मामाजी, वाचायच्या आधी कार्डाचे चारही कोपरे पाहून घ्या. शाबूत असतील तरच पुढचं माझं समजा.

तुमचं पत्र आईने मोठ्याने वाचलं, मध्ये दोनदा थांबली. बाबा अंगणात जाऊन उभे राहिले. आईचा राग निवला आहे, पण ती ते कबूल करणार नाही. भोंगा वाजत नसताना एकदा फोन करून पाहा.

माझं पान पुन्हा दाखवू नका, काढूनच टाका. तुमच्यावर राग आहे म्हणून नाही. वेबसाइटला कुलूप नव्हतं हे खरं, तुमच्या तोंडालाही नव्हतं हेही खरं. पण भुपेंद्रजींकडे माझा नंबर होता. साक्षगंधाला कोणत्या रंगाची साडी घेऊ, हे विचारायला त्यांनी तो लावलाही होता. हे काय आहे, एवढं विचारायला पुन्हा एकदा लावता आला असता. तिथे मध्ये कोणीच नव्हतं.

दुसऱ्या मुलींच्या पानांवर लक्ष ठेवा. रोज पाहता, तसंच पाहत जा.

आजीने माझ्यासाठी आधीच रडून घेतलं होतं, ते पुरेल. तुम्ही त्यात भर घालू नका.

कार्डावर जागा संपली, माया नाही.

तुमची भाची,
रंजिता