पेशंट हलल्यामुळे

४ मार्च, मंगळवार
आज कटर हातात घेतला आणि परत ठेवला. साध्या मनगटाच्या प्लास्टरला! बावीस वर्षं हेच काम करतेय मी.

गुरुवारचंच डोक्यात आहे. नऊ वर्षांची मुलगी, पायाला फायबरचं जाड प्लास्टर. आईने पाय धरलेला. मी नेहमीसारखं कटरचं थरथरतं पातं स्वतःच्या तळहाताला लावून दाखवलं — "बघ, कापत नाही. नुसत्या गुदगुल्या!" कापत नाहीच. पण पातं तापतं. जुनं असलं तर फारच. तीनदा म्हणाली पोरगी, "गरम लागतंय." मी म्हटलं, "सगळे असंच म्हणतात गं." बाहेर रांग होती ना! थांबले नाही. आणि पातं उचलत उचलत न्यायचं, तर सरळ ओढत नेलं.

प्लास्टर फाकवलं, खालचा कापूस कापला — नडगीवर चार बोटं लांब भाजलेलं.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'पेशंट हलल्यामुळे.' माझ्याकडे बघितलं. मी मूग गिळून उभी.

ती हलली नव्हती.

५ मार्च
सुनेने मिक्सर लावला. कटरसारखाच घरघराट. मी स्वयंपाकघरातून उठून बाहेर आले. "आई, काय झालं?" काही नाही म्हटलं.

७ मार्च
निवृत्त मास्तर, डावा हात. नवं पातं लावलं. दाबायचं, कवच फुटल्यासारखं वाटलं की उचलायचं, बोटभर पुढे. दर चार कापांनी पात्याला बोट लावून बघितलं. "गरम लागतंय?" "जरा कोमट." लगेच बंद केलं. गार होईपर्यंत थांबले.
मास्तर म्हणाले, "अहो बाई, माझी दाढी वाढली इथे!"
हसले मी. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं. दोन मिनिटं जास्त लागली. दोन मिनिटं फक्त!

१० मार्च
ती भाजलेली पोरगी ड्रेसिंगला आली होती. मी दाराआड.
आई म्हणत होती, "हलू नकोस हं! मागे हललीस म्हणून झालंय हे सगळं."
पट्टी जखमेला चिकटलेली. नर्सने ओढली. पोरीने हूं की चूं केलं नाही. भिंतीकडे बघत बसली. "किती शहाणी!" म्हणाली नर्स.
शहाणी कसली? दुखतंय हे सांगायचंच सोडलंय तिने.

११ मार्च
ह्यांना सांगितलं. जेवता जेवता थांबले. म्हणाले, "दोन वर्षं राहिलीत तुझ्या नोकरीची. मुलीची जखम भरेल." मग ताटाकडे बघून, "तुझं तू ठरव."


१३ मार्च
मोठ्या साहेबांना लेखी दिलं. पेशंट हलली नव्हती, पातं जुनं होतं, तिने सांगूनही मी थांबले नाही. त्यांनी दोनदा वाचलं. "परत घेता का?" नाही म्हटलं. 

संध्याकाळी त्या पोरीच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं. उंबऱ्यातच बोलून टाकलं, नाहीतर धीर झाला नसता — "बाळा, तू हलली नव्हतीस. तू खरं सांगत होतीस. चूक माझी."
पोरीने वळून आईकडे बघितलं फक्त.
वाटलं, आता आई तोंडाला येईल ते बोलेल. बोलू दे! पण ती मान खाली घालून कपड्यांच्या घड्या घालत राहिली. "बसा" सुद्धा म्हणाली नाही.

१५ मार्च
प्लास्टरच्या खोलीत ती आई आली. एकटीच. दार लोटून घेतलं.
"ताई, कापाच्या शेजारीच माझा हात होता. मलाही चटका बसला होता. तुम्हाला कसं सांगायचं म्हणून गप्प बसले. आणि तिचा पाय आणखी घट्ट धरला."