पट्टीवरच्या दोन खुणा

प्रिय बारक्या,

तुझ्या सायकलीचे गिअर कालपासून अगदी लोण्यासारखे पडतायत. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर मी मुद्द्यापर्यंत पोचतच नाही, आधी आईच्या गुडघ्यांवर जाते आणि तिथेच अडकते. म्हणून लिहितेय. दोन कागद फाडून झालेत, हा तिसरा.

परवा तुझ्या बायकोचा फोन आला होता. म्हणाली, "ताई, हा सायकल विकायची म्हणतोय. शनिवारी घेणारा येणार आहे. तुम्ही तरी समजवा." मी काय समजावणार? तू मला दवाखान्यातच सांगितलं होतंस की चढावर ऐन वेळी घाबरलास, पेडलवर सगळा जोर असताना गिअर बदललास, म्हणून चाक अडकलं आणि खाली फेकला गेलास. गळपट्टीचं हाड जुळेल, पण डोंगरवाटेवर पुन्हा स्वतःवर विश्वास बसणार नाही, असं म्हणालास. मी मान हलवली. ती का हलवली, याचा मी तेव्हापासून विचार करतेय.

सायकल तू पडल्यापासून माझ्याकडेच आहे, म्हणून गेल्या आठवड्यातच म्हटलं होतं, निदान दुरुस्त तरी करू. तुला माझा स्वभाव माहीत आहे. व्हरांड्यात सायकल उलटी केली, शेजारी डायरी उघडून ठेवली, आणि प्रत्येक स्क्रू किती फिरवला ते लिहीत गेले. पाव फेरा उजवीकडे. परत अर्धा डावीकडे. केबल सैल केली, मग ताणली, मग नवीनच घातली. वरचे तीन गिअर जमले की खालचे खडखडायचे, खालचे जमवले की साखळी मधल्या चक्रावरून आपणहून उडी मारायची. चौथ्या दिवशी सगळे स्क्रू वहीत बघून होते तिथे आणून ठेवले, तरी ते पहिल्यासारखं होईना. मग मला माझ्या वहीचीच शंका यायला लागली. तुझ्या भाच्याने खिडकीतून विचारलं, आई, तू सायकल दुरुस्त करतेयस की तिची परीक्षा घेतेयस? मी त्याला अभ्यासाला बस म्हटलं.

शेवटी सायकल घेऊन मिस्त्रीकाकांकडे गेले. त्यांनी मागून एकदा डोळा बारीक करून पाहिलं आणि हसले. "ताई, ताप आलाय माणसाला आणि औषध पाजताय थर्मामीटरला. स्क्रूचा काय दोष?" गिअर बदलणारा तो मागचा सांगाडा ज्या बोटभर पट्टीवर लटकतो, ती पट्टीच आत वाकली होती. काकांनी तिथे एक लांब दांडी लावली, चाकाच्या कडेशी वर, खाली, पुढे, मागे धरून दाखवली. एका जागी बोट जाईल एवढी फट, दुसऱ्या जागी दांडी घासायला लागली. इतकं साधं. ती पट्टी मुद्दाम मऊ धातूची करतात म्हणे, मार तिने खावा आणि सायकलीची फ्रेम वाचावी म्हणून. ती आत वाकली असताना सर्वांत मोठ्या चक्रावर साखळी टाकली, तर गिअरचा सांगाडा आऱ्यांत घुसतो आणि चाक जागच्या जागी थांबतं. मग चालवणारा कितीही निष्णात असो.

काका पट्टी बदलायला बसले. जुनी माझ्या हातात देऊन सहज म्हणाले, "हिने दोनदा मार खाल्लाय." एक ओरखडा ताजा, चकचकीत. दुसरा काळवंडलेला, त्यात चिखल वाळून बसलेला. मी विचारलं, वाकली कोणत्या वेळी? "ते पट्टीला विचारा," म्हणाले. मी पुन्हा विचारलं. मग त्यांनी पक्कड खाली ठेवली आणि सांगितलं की पहिल्यांदा वाकली असेल, दुसऱ्यांदा वाकली असेल, थोडी थोडी दोन्ही वेळा वाकली असेल, कोणीही छातीठोक सांगू शकणार नाही.

दुसरी खूण तू पडलास तेव्हाची. पहिली कधीची ते मला माहीत आहे. त्याच्या आदल्या रविवारी तू ओढ्यावर बाटल्या भरत होतास आणि मी दोन्ही सायकली धरून उभी होते. पाठीवरची पिशवी घसरली, ती सावरायला गेले आणि तुझी सायकल हातातून सुटली. गिअरच्या बाजूनेच दगडावर पडली. तुझी पाठ होती. मी ती उचलली, चिखल पुसला, तू आलास तेव्हा म्हटलं, चल, ऊन चढतंय. त्या संध्याकाळी दोन्ही सायकली धुतल्यावर माझ्या वहीत एवढंच लिहिलेलं आहे: "मोठ्या चक्रावर मागे टिकटिक. उद्या बघू." कोणाच्या सायकलीवर, ते लिहिलेलं नाही. मला आठवतही नाही, आणि आठवत नाही की आठवायचं नाही, हेही आता सांगता येत नाही. उद्या मी बघितलं नाही, एवढं नक्की. तेव्हा तू पडलास ते घाबरल्यामुळे की माझ्यामुळे, हे मला खरंच ठरवता येत नाही, बारक्या. पण शनिवारी त्या माणसाला सायकल देण्याआधी तुला हे माहीत असायला हवं. तीन आठवडे तू स्वतःला भित्रा म्हणत होतास आणि मी समोर बसून, तुझ्या शर्टाची बटणं लावत, ते ऐकून घेत होते.

तुझीच,
ताई