करवली मीच

नाशिक, ४ फेब्रुवारी २००१

आईला मंगलचा नमस्कार. मी इथं बरी आहे, जेवण पोटभर मिळतं.

नर्सिंगच्या वर्गात मी एकतिशीची, बाकीच्या पोरी अठराच्या. पहिल्या दिवशी मला मॅडम समजून सगळ्या उठून उभ्या राहिल्या. आता माझ्याकडूनच वेण्या घालून घेतात. तुझा गुडघा कसाय? नाचणीचं दळण घेऊन तळेघरला चालत जाऊ नकोस.

आपल्या रामदासला सांगून आलेल्या शिनोलीच्या पाहुण्यांना तू थांबवून धरलंयस, हे मामाकडून कळलं. तेव्हापासून पुस्तक उघडते नि मिटते. थोरलीच्या आधी धाकट्याचं कसं करायचं, हेच ना? आई, मला आत्ता लग्न करायचं नाही. पुढं वाटलं तर करीन. पण ती पोरगी दुसरीकडं गेली, तर रामदास मला एका शब्दानं बोलणार नाही. तेच मला लई जड जाईल.

सुपारी फोडून टाका. तारीख कळवा, मी रजा काढते. नवरदेवामागं पाण्याचा करा घेऊन करवली म्हणून मीच उभी राहणार. लोक बघतील तर बघू देत.

रामदास, पत्र तूच वाचून दाखवतोयस. तुझ्याबद्दलचं गाळलं असशील, तर परत वरून वाच. मोठ्यानं.

तुमची थोरली,
मंगल