मोरपंखीचं चक्र

१ डिसेंबर, रविवार

जसिंताने आजही चहा अर्धा ठेवला. मी कप उचलून धुतला. बोलायला गेले की माझ्या तोंडून नेमकं नको तेच निघतं.

नाताळला माहेरी, झाबुआला जायचं म्हणत होती. सुट्टी नामंजूर. ऑक्टोबरमध्येच तुमची सगळी सुट्टी संपली, असं हॉस्पिटलने कळवलंय. नर्स स्वतः आजारी पडली तर तिने कुठे जायचं, देव जाणे. पाचव्या महिन्यात बाळ गेलं तिचं, आणि पंधराव्या दिवशी ड्यूटीवर हजर! लग्नानंतरचा हा तिचा पहिला नाताळ, तोही आता इथेच, आमच्यात. आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

तिचा नवरा, आमचा पंचशील, म्हणाला, "आई, तू तिला काही विचारू नकोस." मी कुठे विचारते? मीच तर घरात सगळ्यांना ताकीद दिली होती की तो विषय काढायचा नाही. तरुण आहे, होईल दुसरं, विसरेल. दोन महिने होत आले. नाही विसरली.

३ डिसेंबर

शाळा सुटल्यावर इंदूर शहरात गेले होते. एका दुकानाच्या काचेत ते दिसलं — हिरवं गोल, लाल लाल फळं, खाली सोनेरी घंटा. परवा जसिंता मोबाइलवर हेच बघत बसली होती. मी मागून गेले तर तिने चटकन फोन उलटा ठेवला. याला 'रीथ' म्हणतात आणि नाताळात दारावर लावतात, हे मला दुकानदाराने सांगितलं. किंमत अठराशे. मी पान चोळून बघितलं. प्लास्टिक!

"आंटीजी, इम्पोर्टेड है."

असेल बाबा. घराचा हप्ता भरून आमच्याकडे अठराशेची पानं घेण्याइतकं काही उरत नाही.

४ डिसेंबर

ठरलं. घरी करायचं. तीस वर्षं शाळेत पोरांकडून कंदील, राख्या, तोरणं करून घेतली, एक गोल नाही जमणार? तिला सांगायचं नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

रजा टाकली. महापरिनिर्वाण दिन. दरवर्षीप्रमाणे पांढरी साडी, सासऱ्यांचा पांढरा सदरा, आणि महूला जाऊन आलो. गर्दी खूप. पुतळ्यापाशी पुष्पचक्रांची रांग लागली होती. बाबा प्रत्येकापाशी थांबून बघत होते. एकापुढे मान हलवली, बाकीच्यांपुढे नाही.

बघणारच. माझे सासरे एकोणतीस वर्षं महूला एका फौजी युनिटच्या बागेत माळी होते. तिथून जे चक्र बाहेर पडलं ते यांच्या हातचं. रिटायर झाल्यावरही लोक बोलावून न्यायचे — धोंडिबा, तुमच्यासारखं कोणाला जमत नाही. आणि मी वेडी व्हिडिओ बघत बसले होते! घरातच उस्ताद.

परतताना बसमध्ये विचारलं. म्हटलं, बाबा, जसिंतासाठी दारावर लावायला एक छोटं चक्र करू या का?

त्यांनी खिडकीची काच सरकवून बंद केली. मग म्हणाले, "उषा, चक्र ही दारावर लावायची चीज नाही. कोणी गेलं की ते ठेवतात. मी घरासाठी नाही करत."

"बाबा, त्यांच्यात ते आनंदाचं असतं."

"असेल. माझे हात एकच जाणतात."

शेवटचं चक्र त्यांनी सात वर्षांपूर्वी केलं, स्वतःच्या मुलासाठी. माझ्या ह्यांच्यासाठी. त्यानंतर कोणी बोलवायला आलं तरी गेले नाहीत. त्याबद्दल आज इतकंच लिहिते.

८ डिसेंबर, रविवार

जसिंता ड्यूटीवर, मैदान मोकळं. कपड्यांचा तारेचा हँगर वाकवला. गोल काही होईना, अंडाकृती झालं. शेजारच्या कंपाउंडमधल्या अशोकाची पानं मागून आणली आणि दोऱ्याने बांधली. बोटाला तार लागली. पंचशील आला आणि बघून हसला, "आई, ही चकली आहे का?" पीथमपूरच्या कारखान्यात मोठमोठी मशीनं सांभाळतो म्हणे. आईला एक तार वाकवून दिली नाही.

बाबा खुर्चीतून बघत होते. "पानं उलटी लावलीस," एवढं बोलून आत गेले.

९ डिसेंबर

पानांच्या सकाळपर्यंत सुरळ्या. सगळं उचलून कचरागाडीपाशी नेलं तर गाडीवाले भिया म्हणतात, "आंटीजी, पत्ते गीले में, तार सूखे में. ऐसे नहीं चलेगा." मग भर रस्त्यात उभी राहून मी माझ्याच हाताने एकेक पान सोडवलं. समोरून शाळेतली दोन मुलं गेली. "गुड मॉर्निंग मॅडम!"

१४ डिसेंबर, शनिवार

काय झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारी स्वयंपाकघरात आले तर ओट्यावर बांबूची एक कामटी. तासलेली, पाण्यात भिजवून मऊ केलेली. शेजारी सुतळीचा गुंडा आणि पेंढ्याची पेंडी. बाबा स्टुलावर बसलेले.

"मी करणार नाही," म्हणाले. "तू करणार. मी फक्त सांगणार. ते परवाचं बघवलं नाही मला."

कामटी कशी वाकवायची, टोकं कशी तासून एकमेकांवर बसवायची, पेंढा किती घ्यायचा आणि त्यावर सुतळी किती घट्ट ओढायची, सगळं खुर्चीवरच्या मास्तरासारखं. मी तीस वर्षांची मास्तरीण, आज पहिल्या बाकावर. तीनदा उसवायला लावलं. चौथ्यांदा काही बोलले नाहीत, म्हणजे पास.

पानं कुठली? "मोरपंखी," म्हणाले. "दुसरं काही नाही. महिनाभर हिरवी राहते." राऊच्या नर्सरीत गेले. मोरपंखीच्या झुडपांच्या छाटलेल्या फांद्यांचा ढीग कोपऱ्यात पडलेलाच होता. नर्सरीवाले म्हणाले, "ले जाओ आंटीजी, भर लो थैला." गच्च भरून आणला. हाताला अजून वास येतोय.

१५ डिसेंबर

"जुडी लहान घे. तीन काड्या, बस. देठ पुढच्या जुडीखाली गेला पाहिजे. सगळ्या एकाच दिशेने." एवढं हजारदा ऐकलं. गोलाचा पाव हिस्सा झाला. जसिंता यायच्या आत गव्हाच्या कोठीमागे लपवला.

१८ डिसेंबर

पेपर तपासणी. चक्राला हात लावला नाही. जसिंता जेवली, पण ताटातल्या भाताचे नुसते डोंगर करत बसली.

२१ डिसेंबर, शनिवार

झालं!

खरं तर मी अर्धं केलं. शेवटच्या भागात माझी बोटं दुखायला लागली, तर बाबांनी ते माझ्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतलं. एक्याऐंशी वर्षांचे हात. चहाचा कप धरला तर थरथरतात. जुडी बांधताना थरथरत नव्हते. मी नुसती बघत बसले. मध्येच युनिटमधल्या एका कर्नलसाहेबांची गोष्ट सांगितली — रोज सकाळी गुलाब मोजायचे म्हणे, आणि बाबा रोज एक तोडून घरी सासूबाईंना नेऊन द्यायचे. सात वर्षांत त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मी उठून कुकर लावला.

आता लाल काहीतरी हवं होतं. बाजारातले लाल मणी कशाला, पेटीत लाल लोकर पडलीय. जेवणाच्या काट्यावर लोकर गुंडाळून चौदा गोंडे केले. हिरव्यावर असे खुलून दिसतात! सुतळीपलीकडे काही विकत आणावं लागलं नाही. अठराशेवाल्याला नेऊन दाखवावंसं वाटतं. उद्या देणार तिला.

२२ डिसेंबर, रविवार

मी मूर्ख आहे. शिकलेली मूर्ख.

संध्याकाळी तिला बाहेर बोलावलं. चक्र टेबलावर ठेवलं होतं. बघितलं आणि हसली. खरंच हसली, डोळ्यांपर्यंत. वाकून पानांचा वास घेतला. "हे तुम्ही केला, मम्मीजी?" तिचं मराठी असंच आहे, पण माझ्यासाठी बोलते. मी म्हटलं, मी आणि दादाजींनी. तिने बाबांकडे बघून हात जोडले.

मग एक गोंडा बोटांत धरला. धरूनच ठेवला.

"मम्मीजी, ये ऊन कहाँ की है?"

"पेटीतली," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता आठवलं. ऑगस्टमध्ये ती आणि मी जुनी इंदूरच्या बाजारात लोकर घ्यायला गेलो होतो. हा रंग तिनेच पसंत केला होता. मी म्हणत होते पिवळा घे, ती म्हणाली लाल. मी छोटासा स्वेटर विणला होता, एक बाही राहिली होती. ती हॉस्पिटलात होती त्या दुपारी मी तो सगळा उसवला. घरी आल्यावर तिला दिसू नये म्हणून. लोकरीचा गुंडा पेटीत टाकला, आणि विसरून गेले. मीच!

तिने गोंडा सोडला. चक्र दोन्ही हातांनी हळूच थोडं मागे सरकवलं, पडू नये म्हणून, आणि आत गेली. दार लावलं, पण आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

२३ डिसेंबर

ती ड्यूटीवर गेली. मी कात्री घेऊन गोंडे कापायला बसले. बाबांनी मनगट धरलं.

"राहू दे. तिचं आहे ते. आधी तिला विचार."

"काय विचारू, बाबा? कोणत्या तोंडाने?"

"दोन महिन्यांत तू तिला एकदा तरी काही विचारलंस?"

मला राग आला. म्हटलं, तिला त्रास होऊ नये म्हणून नाही विचारलं. बाबा म्हणाले, "तिला की तुला?" आणि चष्मा पुसत बसले. सासरे नसते तर उत्तर दिलं असतं. कात्री परत खणात ठेवली.

२४ डिसेंबर, मंगळवार

शाळेतून आले ती तशीच तिच्या खोलीत गेले. पिशवीसुद्धा खांद्यावर. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी पलंगावर बसले आणि एका दमात सांगून टाकलं — लोकर तीच आहे, स्वेटर मी विणला होता, मीच उसवला, आणि मला वाटलं होतं की तू विसरशील.

"पता था," म्हणाली. "पेटी मैंने नवंबर में ही खोली थी."

म्हणजे तिला माहीत होतं. पेटी उघडून गुंडा बघून, परत तसाच ठेवून ती माझ्याशी रोज नीट बोलत होती.

मग म्हणाली, "मम्मीजी, उस दिन के बाद इस घर में किसी ने कुछ नहीं कहा. एक शब्द नहीं. कभी-कभी लगता है मैंने ही सोच लिया था सब. कि कुछ था ही नहीं."

मी तिला जवळ घेतलं. आधी ती ताठ बसून राहिली, आणि मग नाही राहिली. मीही रडले. शाळेची पिशवी आमच्या दोघींच्या मध्ये, आणि त्यातला डबा टोचत होता, पण काढायला हात मोकळा नव्हता. किती वेळ ते माहीत नाही. पंचशील दारापर्यंत आला आणि परत गेला. त्यालाही मीच गप्प केलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं की मी घर सांभाळतेय.

म्हटलं, ते चक्र मी काढून टाकते, तुझ्या डोळ्यांसमोर नको.

"नहीं," म्हणाली. "रहने दो. कल बताती हूँ."

दार मोकळंच आहे. तिला ते लावायचं नसेल तर नसेल. मी पुन्हा घाई करणार नाही.

२५ डिसेंबर

चक्र दारावर लावलं नाही. सकाळी चर्चमधून आली, चक्र उचलून बाबांच्या पुढ्यात ठेवलं आणि विचारलं, "दादाजी, फौज वाले इस पर नाम लिखते हैं ना?" बाबांनी कपाटातून पांढरी पट्टी काढली, पेन काढलं आणि थांबले. तिने नाव सांगितलं. करुणा. पंचशीलला ते माहीत होतं, दोघांनी मिळून ठेवलं होतं. अंगणात पेरूखाली बाबांनी स्वतःच्या हाताने चक्र ठेवलं, दोन पावलं मागे सरले, आणि आम्ही चौघं उभे राहिलो.

मुलगी होती. मला नात होती, आणि तिचं नाव मला आज कळलं.