कोपरीच्या शाळेत दाखवलेलं धरण

कोपरी, ठाणे
१८ मार्च १९५६

प्रिय रघुदादा,

हे नाव कागदावर लिहिलं आणि हातातला टाक तसाच राहिला. सात वर्षं तुझं नाव आम्ही घेतो ते पितृपक्षात, कावळ्याला पान ठेवताना. अशा नावाला पत्र कसं लिहायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही, आणि मी तर आता दुसऱ्यांना शिकवते. हो, मी मास्तरीण झाले. सातवीची फायनल पास झाले, ट्रेनिंग केलं, आणि आपल्या कोपरीच्याच शाळेत तिसरीच्या वर्गावर आहे. मिठागरावरची पोर खुर्चीवर बसते म्हणून पहिल्या दिवशी बायका खिडकीतून बघायला आल्या होत्या. बानं ते पाहिलं नाही. तुझ्या मागोमाग दुसऱ्याच वर्षी तो गेला. हे तुला असं मधेच सांगतेय, दादा, पण हल्ली कुठली गोष्ट आधी नि कुठली नंतर हेच मला कळेनासं झालं आहे.

तुला माहीत नसेल म्हणून सांगते, तू मेलास कसा. वैशाखात दौलत नाखव्याचा मिठाचा मचवा वाऱ्यानं खाडीत उलटला. त्याच दिवशी सकाळी तू मचव्यावर जातो म्हणून घरातून निघालेलास. मचव्यावरच्या दोघांची प्रेतं कळव्याच्या बाजूला गाळात सापडली. तुझं सापडलं नाही. बा रोज ओहोटीला तिवरांच्या झाडीत शिरून हाका मारायचा आणि अंगभर चिखल घेऊन परत यायचा. शेवटी गावानं त्याची समजूत घातली. दर्भाचा पुतळा करून तुला अग्नी दिला. वहिनीच्या, म्हणजे मालनच्या, बांगड्या शेजारच्या सखुबाईनं फोडल्या. तुझी हौसा तेव्हा रांगत होती. ती त्या काचांकडे हात करायला लागली म्हणून मी तिला उचलून बाहेर नेलं.

यंदाच्या पौषात मुंबईच्या शिक्षकांच्या कॉलेजातले कर्णिक सर आमच्या शाळेत आले. मुलं कशानं जास्त शिकतात, सिनेमानं की फळ्यावर, हे त्यांना तपासायचं होतं. कल्याण-डोंबिवलीच्या शाळांत त्यांनी हा प्रयोग आधी केला होता, आता आमची पाळी होती. माझ्या वर्गाचे दोन गट करायचे. एकाला नदी, धरण आणि वीज हा धडा सिनेमातून दाखवायचा, दुसऱ्याला तोच धडा मी फळ्यावर शिकवायचा, आणि मग दोघांना तेच प्रश्न घालायचे. शाळेत वीज नाही, म्हणून सरांनी जीपमधून जनरेटर आणला. तो बाहेर फटफट करत होता. खिडक्यांना गोणपाटं लावून आम्ही भर दुपारी अंधार केला आणि हेडमास्तरांच्या घरची चादर भिंतीवर ताणून बांधली. सिनेमा म्हणजे नाचगाणी असं समजून आलेली पोरं आधी हिरमुसली, पण चादरीवर पाणी कोसळायला लागलं तशी चिडीचूप झाली.

आणि मग तू आलास. क्रेनच्या दोराला लटकलेली सिमेंटची बादली खाली येते, एक माणूस हात वर करून ती थोपवतो, मागे वळतो, सरळ आमच्याकडे बघतो आणि हसतो. चादरभर तुझा चेहरा. लहानपणी बांधावरच्या फळीवर आपटलास तिथं मधोमध तुटलेली डावी भुवई. बाहेरचा जनरेटर एकदम बंद पडल्यासारखं वाटलं, काही ऐकूच येईना. मग माझाच आवाज आला, “थांबवा, चित्र तिथंच थांबवा!” सर म्हणाले, “बाई, थांबवलं तर दिव्याच्या उष्णतेनं फिल्म जळेल.” तोवर तू निघून गेला होतास आणि चादरीवर विजेचे खांब उभे होते. पुन्हा लावा म्हटलं, तर म्हणाले की परीक्षेआधी दुसऱ्यांदा दाखवलं तर प्रयोग बिघडेल. हौसा पहिल्या रांगेत मांडी घालून बसली होती. गोणपाट काढल्यावर ती माझ्याजवळ आली. शाळेत ती मला आत्या म्हणत नाही. “बाई, तो माणूस आपल्याला बघून हसला का?” मी म्हटलं, “नाही गं, फोटो काढणाऱ्याला बघून हसला.”

मधल्या सुट्टीनंतर दुसऱ्या गटाला तोच धडा शिकवायचा होता. मी फळ्यावर नदी काढली. नदीवर आडवी रेघ मारली, ते धरण. पुढचं काही आठवेना. मुलं माझ्याकडे बघत होती आणि मी त्या रेघेकडे. मनाला सांगत होते की हा भास आहे, रोज आठवणारा माणूस कुठंही दिसतो. पण माझ्या मनातला तू पंचविशीचा, कोवळ्या मिशीचा. चादरीवरच्या माणसाच्या कानशिलांवर पांढरं होतं आणि गाल भरलेले होते. भासातला माणूस वयानं वाढत नाही, दादा. हे लक्षात आलं आणि मी खाली बसले. मुलांनी रेघ उतरवून घेतली आणि घंटेची वाट बघत राहिली.

परीक्षा झाली. सिनेमाचा गट फळ्याच्या गटाच्या कितीतरी पुढं. कर्णिक सर हरखून गेले. कल्याण-डोंबिवलीत फरक जेमतेम पडला होता, इथं तो डोळ्यांत भरत होता. पुण्याच्या परिषदेत ते हे मांडणार होते, म्हणजे सरकार शाळाशाळांना यंत्रं देईल. त्यांचा तो आनंद बघून मला राहवेना. “सर, हा फरक सिनेमाचा नाही. त्या दिवशी मी शिकवलंच नाही.” का, ते सांगताना मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले, की माझा मेलेला भाऊ तुमच्या सिनेमात हसतो. सरांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता प्रयोगाचं बोलतील. ते म्हणाले, “नाव काय त्यांचं?” मग कोपरीचे सगळे आकडे त्यांनी माझ्यासमोर खोडले. पुढच्या आठवड्यात मी फळ्याच्या गटाला धडा नीट शिकवला आणि मुलं सिनेमावाल्यांच्या जवळपास येऊन पोचली. सर हसून म्हणाले, “यंत्र हवंच, पण वर्गात बाई हवी आणि बाईचं चित्त ठिकाणावर हवं, एवढं आता मी खात्रीनं लिहीन.”

तुझा पत्ता त्यांनीच काढला. सिनेमा काढणाऱ्यांना लिहिलं, तिथून धरणाच्या छावणीला. छावणीचं उत्तर आलं की रघु ठाणेकर नावाचा मुकादम क्रेनवर आहे, बरीच वर्षं इथंच आहे, तब्येत उत्तम. ‘तब्येत उत्तम’पाशी माझे डोळे अडकले. तू कुठं कैदेत नव्हतास. तुझी स्मृती गेलेली नव्हती, आपलं नाव नि आपलं गाव दोन्ही तुला सांगता येत होतं. तू बरा होतास.

मी आधी मालनला सांगितलं. ती डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावर होती, ती पाटी तशीच धरून उभी राहिली. “मना दाखव,” म्हणाली. सरांनी रविवारी यंत्र पुन्हा आणलं. वर्गात सर, आय, मालन आणि मी, एवढेच. आय उठून चादरीपाशी गेली आणि तुझ्या गालाला हात लावायला लागली. तुझा चेहरा तिच्या पाठीवर पडला आणि चादरीवर तिची सावली. “माझा रघु जित्ता हाय गो,” एवढंच ती परत परत म्हणत होती, रडत होती नि हसत होती. मालन बाकावर ताठ बसून होती. सरांनी तिच्यासाठी तेवढा तुकडा पुन्हा लावला, आणखी एकदा लावला. मग ती बोलली, “कसा हसतो बघ.” तिचा आवाज ऐकून आय चादरीपासून मागं सरली.

घरी येताना मालन वाटेत थांबली. “मना वाटायचं, कुठंतरी अडकला असंल. डोक्याला मार लागला असंल, वाट सुधरत नसंल. म्हणून मी सहदेवला ‘नाय’ बोलले.” सहदेव दिवा गावचा, रेल्वेच्या कारखान्यात कामाला आहे. त्याची बायको बाळंतपणात गेली. मालनशी पाट लावून संसार थाटायला तो कधीचा तयार आहे, आणि हौसाला पाटी-पेन्सिल तोच आणून देतो. गावाची हरकत नव्हती, आयचीही नव्हती. तुझं प्रेत सापडलं नाही, एवढ्याच एका गोष्टीवर ती अडून बसली होती. सगळ्यांनी तुला मेलेला मानलं तेव्हा ती एकटी तू जिवंत असशील म्हणत होती, आणि तिचंच खरं निघालं.

इथवर वाचलंस तर तुला वाटलं असेल, बहीण घरी बोलावते आहे. आय तसंच लिही म्हणते, रोज म्हणते. पण हे पत्र मी मालनच्या सांगण्यावरून लिहिते आहे. तिला तुझी सोडचिठ्ठी हवी. तू मेलेला होतास तोवर तिचं मन राजी झालं की काम होत होतं. तू जिवंत निघालास आणि तिला न विचारता ती पुन्हा तुझी बायको झाली. पंचांनी सांगितलं आहे, तुझी सही आणि दोन साक्षीदार लागतील. तू का गेलास हे ती विचारत नाही. मी विचारणार होते, पण आता लिहायला बसल्यावर तेही विचारवत नाही. हौसाला आम्ही अजून काही बोललो नाही. तिला जे सांगायचं ते तूच समोर बसून सांग, ते काम मी तुझ्यासाठी करणार नाही. आय थकली आहे, तिला भेटायला ये. मात्र मालनच्या दारात आधी सोडचिठ्ठी येऊ दे, मग तू ये.

तुझीच बहीण,
आवडा