डबल बेल

३ मार्च, सोमवार

आज सकाळी साडेसातला निघालो. गाडी सुरू करण्याआधी स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला, बावीस वर्षं लावत आलो तसाच. फरक एवढाच की तेव्हा मागे पन्नास माणसं असायची. आज दोन कुत्री, एक बायको आणि एक स्वयंपाकघर आहे.

ही घरगाडी मेहुण्यानं बांधून दिली. तो गॅरेजवाला. जुन्या टेम्पोवर पत्र्याची खोली चढवून आत ओटा, फळीचा पलंग, पाण्याची टाकी, टपावर सामानाचा डबा, सगळं बसवलं आणि वरून पांढरा रंग मारला. म्हणाला, दाजी, इंजिन बसलं तर घर समजून राहा, छप्पर गळलं तर गाडी समजून चालवा. माझी केबिन पुढे, खोली मागे, मधे सलग पत्रा. त्यात खिडकी ठेवायची राहिली म्हणून तो हळहळला. ही म्हणाली, बरं झालं, तेवढाच दिवसभर यांचा चेहरा बघायला नको.

लेकीकडे चाललोय. तिला दिवस भरत आलेत. तिची ही दोन कुत्री दोन वर्षं आमच्याकडे होती. थोरला म्हातारा झाला, त्याला दम लागतो, विमानवाले घेत नाहीत. आणि बारक्या थोरल्याशिवाय अन्नाला तोंड लावत नाही. म्हणून हा बारा दिवसांचा रस्ता. गावच्या शाळेत गुरुजींनी रोज पाच ओळी लिहायची सवय लावली होती. ती नोकरीत सुटली. आता पुन्हा धरतो.

५ मार्च, बुधवार

तीन दिवसांत दोन्ही कुत्र्यांना घर आवडलंय. दुपारी झाडाखाली थांबतो, ही भात टाकते, मी कुत्र्यांना फिरवतो. थोरला प्रत्येक दगडाची चौकशी करतो, बारक्या त्याच्या मागे सही करत जातो. झोपताना दोघं हिच्या पायांवर. मला जागा उरत नाही, हिला त्याचं दुःखही नाही.

आमची काम करायची पद्धत मेहुण्याला गमतीची वाटते. मी चालवायचो त्या बसवर ही वाहक होती. पहिले आठ महिने ती माझ्याशी फक्त घंटेनं बोलली. एक घंटा थांब, दोन घंटा चल. डबल बेल झाली की ड्रायव्हरनं मागे बघायचं नसतं, मागचं सगळं वाहकाच्या हवाली. एवढ्या वर्षांत मी एकदाही बघितलं नाही आणि एकही माणूस मागे राहिला नाही. इथंही तेच. कुत्री आत घेऊन दार लावलं की ही मधल्या पत्र्यावर दोनदा टकटक करते आणि मी निघतो. मेहुणा बझर बसवणार होता. ही म्हणाली, माझी बोटं अजून शाबूत आहेत.

आज ओट्यापाशी तिला उभी बघितली. पाय फाकवून, कंबर भिंतीला टेकवून. गाडी थांबलेली असली तरी तिची उभं राहायची तऱ्हा तीच. देवानं दिलं ते पुष्कळ आहे.

८ मार्च, शनिवार

आजचं लगेच लिहून काढतो.

कालपासून फोनला रेंज नाही. दोन्हीकडे पांढरट सपाट माती, मधून एकच रस्ता. सकाळी नऊला एक पेट्रोलपंप लागला. एक नळ, सिमेंटचा एक बाक, मागच्या बाजूला संडास. ही कुत्र्यांना घेऊन उतरली. मी टायर बघितले, केबिनमधे येऊन बसलो. टकटक झाली. निघालो.

पन्नास मिनिटांनी चहासाठी थांबलो. मागचं दार उघडलं तर दोन कुत्री. ही नाही. हिचा फोन फळीवर, चार्जिंगला.

कसा वळलो, कसा आलो, आठवत नाही. पूर्ण रस्ताभर देवाचं नाव घेत होतो. पंपावर पोचलो तर ती बाकावर बसलेली, हात मांडीवर ठेवून. पावणेदोन तास. मी दोन्ही कान तयार ठेवले होते. डब्याचं झाकण हरवलं तरी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी बाई ती. पण ती उठली, म्हणाली, "आलात? चला." आणि पुढे माझ्या शेजारी येऊन बसली.

निघताना मागे कुत्र्यांनी नुसता आकांत मांडला. मागच्या काचेवर नखं घासत होती, गळा काढत होती. मी पत्र्यावर मूठ आपटून गप्प केलं. घाबरली असतील.

टकटक थोरल्याची शेपटी असणार. तो पत्र्याला टेकूनच बसतो. शेपटीच. चूक माझीच, एकदा उतरून बघायला काय झालं होतं? मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, असू दे.

९ मार्च, रविवार

ती अजून रागावलेली नाही.

रागावली असती तर बरं झालं असतं. मी मुद्दाम चहात साखर जास्त घातली, ओला टॉवेल पलंगावर टाकला. काही नाही. हसते. मी हसलो की मग हसते.

कुत्री पलंगाखालून निघत नाहीत. ती खाली उतरली तर दोघं आत, ती आत आली तर दोघं बाहेर. रात्री तिच्या पायांवर कुणी झोपलं नाही. बारक्यानं अंथरुणातच ओलं केलं, दोन वर्षांत कधी केलं नव्हतं. तिला म्हटलं, तुझ्यावर रुसलीत. ती म्हणाली, रुसलीत.

दिवसभर केबिनमधे बसते आणि जुन्या गोष्टी सांगायला लावते. आपण पहिल्यांदा कधी बोललो, माझ्या आईनं तिला बघून काय म्हटलं, लेक झाली तेव्हा पाऊस होता का. मी सांगतो. बरं वाटत होतं, खरं सांगायचं तर. मग दुपारी तिनं तीच गोष्ट मला सांगितली. माझ्याच शब्दांत. मी जिथं खोकलो होतो तिथं ती खोकली.

बाळासाठी टोपडं विणत होती, ते घेऊन बसली आहे. सुया चालतात. दोऱ्याचा गुंडा मागच्या खोलीत आहे.

धक्का बसला असेल तिला. माणूस एकटं राहिलं की होतं असं काहीतरी. सकाळी मी डोळे मिटून नाव घेत होतो, तीही घेऊ लागली. अर्धा शब्द मागून.

१० मार्च, सोमवार. सकाळ

घाट लागला. वळणावर वळण. मी स्टिअरिंगवर झुकतोय, आरशाला लटकवलेली माळ झुकतेय, पाण्याची बाटली या टोकाहून त्या टोकाला. ती झुकत नाही. मी शेवटच्या वळणावर मुद्दाम जोरात कापलं. माझं डोकं दाराला आपटलं. ती तशीच. सीटवर ठेवलेली नाही, सीटला उगवलेली.

अकरा वर्षं ती चालत्या गाडीत उभी राहिलेली बाई. तिचं अंग गाडीबरोबर झुलतं. झोपेत झुलतं.

दुपार

घाटाच्या वर रेंज आली. लेकीचे एकवीस मिसकॉल. उतरून, लांब जाऊन लावला. पोरगी रडत होती.

"बाबा, आईला तिथं टाकून कुठं गेलात तुम्ही?"

म्हटलं, घेतली की. परत जाऊन घेतली. तर ती म्हणाली, आईचा मघाशी फोन आला होता. पंपवाल्याच्या फोनवरून. तिथं फोन लागत नाही म्हणून त्यानं तिला मोटरसायकलवर टेकडीवर नेलं. आई दोन दिवस त्याच्या बायकोपाशी राहिली आहे. आई सांगत होती की कुत्री आत कोंडून मी संडासात गेले, आले तर गाडी नाही. मग गाडी परत आली, मी पंपामागे होते, धावत आले, तोवर बाकावरची कुणी बाई चढली आणि हे निघाले. मी हाका मारत मागे धावले. कुत्री काचेला चिकटून रडत होती. यांनी आरशातसुद्धा बघितलं नाही.

नाही बघितलं. सवयच नाही.

लेक म्हणाली, कोण बाई आहे ती, बाबा? मी म्हटलं, आहे कुणी वाटसरू, उतरवतो. तिला आता धक्का देऊन चालणार नाही. आई टेकडीवर आहे तोवर तिला म्हणावं पंपावरच थांब, मी निघालो.

वळून बघितलं. ती केबिनमधून माझ्याकडे बघत होती. ओठ हलत होते. मी फोनवर बोललो तेच.

संध्याकाळ

गाडी वळवली. तिला सांगितलं, काहीतरी मागे राहिलंय. तिनं विचारलं, "कोण राहिलंय?"

घाटाच्या माथ्यावरच चौकीवाल्यानं अडवलं. दरड साफ करताहेत, सकाळी सोडू म्हणाला. त्यानं आत वाकून बघितलं आणि वहिनींना बरं नाही का, असं विचारलं. नाही म्हटलं. तो मागे सरकला, पुन्हा जवळ आला नाही.

मी मागे कुत्र्यांपाशी आहे. कडी लावली आहे. पत्र्यापलीकडे ती बसली आहे. तिला उतर म्हणून सांगितलं, हात जोडून सांगितलं. ती म्हणाली, अहो, मी कुठं जाऊ? बरोबर तिच्या आवाजात. क्षणभर मलाच वाईट वाटलं.

११ मार्च, मंगळवार. सकाळ

चौकी सोडण्याआधी लेकीचा फोन आला. आवाज मोकळा, हसरा. म्हणाली, सुटले बाई एकदाची, पंपवाल्यानं टेकडीवरून कळवलं, तुम्ही पहाटे पोचलात आणि आईला घेऊन गेलात.

ती म्हणत होती, तीच पांढरी गाडी, तेच गृहस्थ, असं म्हणाला तो. आईनं तुम्हाला दहा मिनिटं झाडलं आणि तुम्ही नुसते हसत होता म्हणे. फक्त कुत्री दिसली नाहीत त्याला. कुत्री बरी आहेत ना?

मग म्हणाली, "आता आईला द्या फोन."

शेजारून हात पुढे आला. तळवा वर करून.

बॅटरी संपतेय म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. पोटच्या पोरीशी खोटं बोललो. देवा, क्षमा कर.

दुपार

रस्ता एकच आहे. ती गाडी लेकीकडेच येणार, म्हणजे याच रस्त्यानं, समोरून. ही माझ्या शेजारी. ती त्याच्या शेजारी. तिला माहीत नाही. ती त्याला बडबड करत असेल. तो गोष्टी सांगायला लावत असेल. आपण पहिल्यांदा कधी बोललो. तिला सांगताना बरं वाटत असेल.

देवा, तिनं सगळं सांगून संपवलं की पुढे काय, याचा विचार मला करू देऊ नकोस.

१२ मार्च. सकाळी आठ

एका मोरीपाशी गाडी आडवी लावली आहे. दोन्हीकडे खोल चर. कुणी वळसा घालू शकत नाही. मी मागे, कुत्र्यांपाशी, खिडकीशी. वही गुडघ्यावर आहे. लिहीत राहिलो की हात स्थिर राहतो. पुढे ती आहे. काही विचारत नाही. आता तिला विचारायची गरज नाही बहुधा.

साडेदहा

थोरला उठून उभा राहिला. कान टवकारले.

धूळ.

पांढरी गाडी. आमच्यासारखी. टपावर मेहुण्यानं बसवलेला डबासुद्धा — तसाच —

खड्ड्यातून आली. शेजारी बसलेली झुलली. माझीच. माझीच आहे, देवा, जिवंत आहे, तोंड चालू आहे तिचं —

थांबली. पंचवीस पावलांवर. स्टिअरिंगवर मी आहे. माझा शर्ट. तो हसतोय.

मी दार उघडून हाक मारली. तिनं बघितलं. तेवढ्यात ही पुढून उतरली, आली आणि माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. तिच्याच चेहऱ्यानं.

ती किंचाळली नाही. माझ्याकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं आणि शेजारच्या त्याचा हात घट्ट धरला.

मला भ्यायली. मला.

ओरडून सांगतोय, पण मी बोलतो तेच तोही बोलतोय, अर्धा शब्द मागून — तिला कुठलं आधी ऐकू येतंय —

त्याच्या गाडीत कुत्री नाहीत. कुत्री माझ्याकडे आहेत. हे तिला कळायला हवं. मी आत शिरलो, दोघांचे पट्टे सोडले. बारक्यानं उडी मारली. धावतोय. तिनं बघितलं. दाराच्या कडीला हात लावला — तो तिचं मनगट सोडत नाही — गाडी सुरू केली त्यानं — मागे घेतोय —

थोरल्या, तुला दम लागतो, माहीत आहे मला, पण जा, अरे जा, तिला सांग की मी