निळा टब आणि पाण्याचा वार

मंगळवार, संध्याकाळ

ठरलं एकदाचं. बाळंतपण दवाखान्यातच. महिनाभर मी घरीच, पाण्याच्या टबात बाळंत होणार म्हणून हटून बसले होते. फुगवायचा निळा टबसुद्धा मागवला. आज सासूबाईंनी नुसतं विचारलं, "आपल्या नवनगरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. कळा त्याच दिवशी येतील काय गं?"

खरं तर आतून भीती वाटतच होती, पण कबूल कोण करणार? निमित्त मिळालं, सुटले.

दुपारी पाणी आलं. पिंप, कळश्या, बादल्या भरून झाल्यावर सासूबाईंनीच तो निळा टबही भरला. मी पाय सोडून बसले. बाळ आत ढुशा देत होतं.

साडी सावरत त्याही शेजारी टेकल्या. "टब वाया नको जायला," म्हणाल्या आणि पाय बुडवले.